वायर ओढायची नाही

आधीच माफी मागतो. आमच्या घरात अर्जापलीकडे कोणी काही लिहिलेलं नाही, आणि ते अर्जही बहुतेक मीच लिहिलेत. बाबा मिठागरावर कामाला आहेत. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिला, त्यामुळे लिहायचं कसं हे विचारायलाही कोणी नाही. त्यात लोपीस मॅडमवर लिहायचा अधिकार तर मला मुळीच नाही. का नाही, ते पुढे येईल. पण ज्यांना अधिकार होता, ज्यांना भाषणं करता येतात, हार घालता येतात, त्यांनी एक ओळ लिहिली नाही. म्हणून मी लिहितो आहे. हे मी तीनदा फाडून पुन्हा लिहिलंय. राग आला की माझं अक्षर बिघडतं.

वसईच्या ज्या पॉलिटेक्निकमध्ये मी डिप्लोमा केला, तिथे लोपीस मॅडम प्रयोगशाळा सहाय्यक होत्या. म्हणजे कागदावर त्यांचं काम टेबलं पुसून घेणं, हजेरी ठेवणं आणि सरांनी मागितलेली वस्तू कपाटातून काढून देणं एवढंच. त्यांच्याकडे इंजिनियरिंगची पदवी नव्हती. तरुणपणी अंधेरीच्या एका कारखान्यात त्यांनी सर्किट बोर्डांवर सोल्डरिंग केलं होतं, बाकीचं सगळं स्वतःच शिकल्या होत्या. जवळच्याच गिरीज गावात भावाच्या वाडीत राहायच्या. लग्न केलं नव्हतं. रोज एकाच पद्धतीची सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत दोनशे पानी वही आणि केळीच्या सोपटाची गुंडाळी. त्या सोपटाच्या दोरीने त्या लॅबमधल्या केबली बांधायच्या. प्लॅस्टिकच्या पट्ट्या मागवा म्हटलं तर म्हणायच्या, "मागवायला तीन सह्या लागतात. सोपट वाडीत पडून आहे."

मी दुसऱ्या वर्षाला असताना एका कंपनीने कॉलेजला वीस छोटे कॉम्प्युटर भेट दिले. कंपासपेटीएवढे. पंखा नाही, पडदा नाही, कीबोर्ड नाही. आत मोबाइलमध्ये असतो तसला एआरएम जातीचा प्रोसेसर. हा डबा काय म्हणतोय ते बघायचं तर वायर लावून दुसऱ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघायचं. त्यांच्यावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम बसवायची होती. आमच्या एचओडी सरांनी पत्रकात फोटो छापून आणला आणि डबे मॅडमच्या ताब्यात दिले. मॅडमनी आठवडाभर ते नुसते उघडून पाहिले. मग प्रत्येकाला नाव दिलं. वाल, दुधी, अळू, पडवळ, शिराळं, अशी वाडीतली वीस नावं. "नंबर दिले की मुलं विसरतात," म्हणाल्या, "पडवळ बिघडलं म्हटलं की कोणी विसरत नाही."

माझी आणि त्यांची पहिली भेट म्हणजे मी खाल्लेली पहिली शिवी. माझ्यासमोरच्या पडद्यावर पाच मिनिटं काही हललं नाही. मला वाटलं डबा अडकला. मी मागे हात घालून वायर ओढली.

"कोण तो? कोणाच्या हाताला खाज सुटलीय?" लॅबच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला आणि पाठोपाठ मॅडम. "नाव काय तुझं?"

"म्हात्रे."

"म्हात्रे, तू जेवायला बसलास आणि घास तोंडात असताना आईनं ताट ओढलं तर?"

मुलं हसली. मी म्हणालो, "मॅडम, काहीच होत नव्हतं."

"तुला दिसत नव्हतं. आत तो लिहीत होता. आता अर्धं लिहिलेलं घेऊन बसलाय बिचारा." मग त्यांनी डबा पुन्हा चालू केला आणि पडद्यावर ओळी यायला लागल्यावर म्हणाल्या, "वाच. मोठ्याने वाच."

मी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला. वर्गात इंग्रजी वाचायची वेळ आली की मी पुस्तकाआड तोंड लपवायचो. मी तोंडातल्या तोंडात वाचलं. त्या म्हणाल्या, ऐकू येत नाही. मी परत वाचलं, चुकत चुकत, मागच्या बाकावरून कोणीतरी माझी नक्कल केली. मॅडम वळल्या आणि त्याला म्हणाल्या, "तुला येतं ना? ये, अर्थ सांग." त्याला अर्थ येत नव्हता. मला म्हणाल्या, "हा डबा इंग्रजीत बोलतो, पण खोटं बोलत नाही. त्याला घाबरू नकोस. इंग्रजीत खोटं बोलणारी माणसं पुढे भेटतील, तेव्हा घाबर."

त्या दिवसापासून लॅबमध्ये नियमच होता. काही अडलं की मॅडमना विचारण्याआधी पडद्यावरचं मोठ्याने वाचायचं. निम्म्या वेळा वाचतावाचताच उत्तर सापडायचं. मला इंग्रजी वाचता येतं ते त्या वीस डब्यांमुळे. आज पुण्यात डिग्रीच्या वर्गात मी उभा राहून बोलतो, ते त्या बाईने मला पडद्यासमोर उभं केलं म्हणून.

एका डब्यावर लिनक्स बसवायला पूर्ण दिवस लागायचा. आतली मेमरी इतकी तुटपुंजी की एकेक पॅकेज उलगडताना डबा दमायचा. मॅडम सकाळी सुरू करायच्या आणि संध्याकाळपर्यंत त्याच्यापासून हलायच्या नाहीत. डबा काय म्हणतो ते वहीत उतरवायच्या, ओळ न ओळ. छापून का नाही घेत, असं मी एकदा विचारलं. "छापलेलं कोणी वाचत नाही," म्हणाल्या. मध्येच अर्धा अर्धा तास काही लिहायला नसलं की पिशवीतून वालाच्या शेंगा काढून सोलायच्या. एकदा एचओडी सर पाहुण्यांना घेऊन आले आणि टेबलावर वालाचा ढीग.

"लोपीसबाई, ही लॅब आहे की स्वयंपाकघर?"

"सर, अजून सहा तास आहेत," मॅडम पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "तुम्ही बसता का इथे? मी वाल घरी नेते."

पाहुणे हसले. सर हसले नाहीत. मला वाटतं तेव्हापासूनच त्यांनी मनात ठेवलं होतं.

आता जे सांगायचं त्यासाठी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. या डब्यांच्या पोटात एक छोटी चिप असते. चालू झाल्यावर डबा सगळ्यात आधी तिच्यातलं वाचतो. लिनक्सची नवी आवृत्ती घालताना शेवटी ती चिप पुसून पुन्हा लिहावी लागते. तीन-चार मिनिटांचं काम. त्या तीन-चार मिनिटांत वीज गेली, तर डब्याला आपण कोण हेच आठवत नाही. दिवा लागतो, पण तो काही बोलत नाही.

आणि आमच्याकडे तर लोडशेडिंगच्या बाहेर असलेले तास मोजावे लागायचे. लॅबला यूपीएस होता, पण त्याची बॅटरी मेलेली. मॅडमनी बॅटरीसाठी अर्ज केला. उत्तर आलं, अर्ज इंग्रजीत द्या. त्यांनी इंग्रजीत दिला. उत्तर आलं, योग्य नमुन्यात द्या. तसा दिला. मग एके दिवशी नवी बॅटरी आली, आणि ती सभागृहाच्या माइकला लागली. मॅडमनी त्या सगळ्या अर्जांच्या प्रती केळीच्या सोपटाने बांधून खिडकीला टांगून ठेवल्या होत्या. कोणी विचारलं तर सांगायच्या, "बॅटरी आहे ती."

म्हणून त्यांनी आपली रीत केली होती. गिरीजच्या वाड्यांमध्ये सगळे जसं करतात तशीच. त्यांचा भाऊ पास्कल वीज आल्या आल्या विहिरीचा पंप कधी सुरू करायचा नाही. आलेली वीज पहिल्या दहा मिनिटांत परत जाते, पंप जळतो. दहा मिनिटं थांबायचं, मग खटका दाबायचा. मॅडम तेच करायच्या. रोज सकाळी आधी ऑफिसच्या फळ्यावरचं लोडशेडिंगचं वेळापत्रक वाचायचं, मग लॅबचं कुलूप उघडायचं. वीज येऊन दहा मिनिटं झाली आणि पुढे तासभर जाणार नाही अशी खात्री असली तरच चिपला हात लावायचा. आणि एका वेळी एकच डबा. तो आठवडाभर चालला की दुसरा. वहीत चिप लिहायच्या हुकमाच्या, म्हणजे कमांडच्या, ओळीच्या वर लाल पेनाने लिहिलेलं होतं: आधी फळा वाच.

तिसऱ्या वर्षी तपासणीसाठी समिती यायची होती. सकाळी अकरा वाजता सरांनी आम्हा आठ मुलांना लॅबमध्ये बोलावलं. समिती दोन वाजता येणार, तोपर्यंत वीसही डब्यांवर नवी आवृत्ती दिसली पाहिजे. वरचं सगळं मॅडमनी आधीच तयार करून ठेवलं होतं, चिप तेवढी राहिली होती. ती त्या पुढच्या पाच महिन्यांत एकेक करून करणार होत्या.

"मॅडम कुठे आहेत सर?" मी विचारलं.

"फुलं आणायला पाठवलंय. वाडीवाल्या आहेत, सोनचाफा ताजा मिळेल."

फाटकातूनच त्यांना परत पाठवलं होतं. त्या आत आल्याच नव्हत्या. आत आल्या असत्या तर ऑफिसचा फळा वाचला असता. त्या फळ्यावर त्याच दिवसापासूनचं नवं वेळापत्रक लावलं होतं. लॅबच्या भिंतीवर मात्र जुनंच होतं, आणि त्यात दोनपर्यंत वीज होती.

"मॅडम एकेकच करतात सर," मी म्हणालो. एवढं तरी म्हणालो, असं स्वतःला सांगत मी नंतर कित्येक दिवस काढले.

"म्हात्रे, एवढा पगार तुझ्या मॅडमना आहे का रे विचार करण्याचा? हुकूम वहीत आहे ना? टाका. सगळे एकदम."

टर्मवर्कचे मार्क सरांच्या हातात होते. आदल्या संध्याकाळी मॅडम टेबलावरच ठेवून गेलेली वही उघडी होती. लाल ओळ मला दिसत होती. मी एंटर मारला. माझ्याकडे तीन डबे होते, त्यातलं एक पडवळ.

दीड मिनिटाने पंखे थांबले.

पंधरा मिनिटांनी मॅडम आल्या. डोक्यावर टोपली, टोपलीवर ओलं फडकं, आणि सगळ्या लॅबभर सोनचाफ्याचा वास. त्यांनी पंखे पाहिले, आमची तोंडं पाहिली, उघडी वही पाहिली. टोपली खाली ठेवली.

"किती?" एवढंच विचारलं.

"सगळे," मी म्हणालो.

मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्यांनी ओरडायला हवं होतं. त्या एकेका डब्यावरून हात फिरवत गेल्या आणि म्हणाल्या, "मेले नाहीत. मुके झालेत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पडवळ उघडलं. आतल्या ठिपक्यांवर केसासारख्या चार वायरी सोल्डर केल्या, त्या दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडल्या आणि चिप पहिल्यापासून लिहायला घेतली. हात जराही हलत नव्हता. संध्याकाळी चारला पडद्यावर ओळी धावायला लागल्या आणि आम्ही आठही जण, लाज सोडून, टाळ्या वाजवायला लागलो. आवाज ऐकून सर आले.

"एक झालं," मॅडम म्हणाल्या. "रोज एक. एकोणीस दिवसांत सगळे उभे करते."

सर दार लावून घेत म्हणाले, "बाई, आपण समितीला लिहून दिलंय की बोर्ड निकामी झाले. सहाय्यकाच्या हलगर्जीपणामुळे. आता ते चालू दाखवले तर आपण खोटे ठरू."

"आपण?"

"कॉलेज."

"पण ते चालतात, सर. हे बघा ना."

सर पुढे आले आणि त्यांनी पडवळची वायर ओढली.

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्याच्या हातून चूक होते, वीज जाते, ते मी समजू शकतो. चूक तर मीही केली. पण चालू असलेला डबा, एका बाईने दिवसभर खपून बोलता केलेला, कागदावरचं खोटं खरं ठरावं म्हणून बंद करायचा? वीस चांगल्या मशिनी भंगारात काढायच्या? त्या माणसाचा हात मला आजही दिसतो. अंगठी घातलेला, स्वच्छ, सोल्डरचा एक डाग नसलेला.

आता माझं. त्या लिहून दिलेल्या कागदावर आम्हा आठ जणांच्या सह्या होत्या. घटना झाली त्याच दुपारी, समिती चहा घेत असताना, ऑफिसमध्ये बोलावून घेतल्या. कागद इंग्रजीत होता, दोन पानी. सही कुठे करायची तिथे पेन्सिलने फुली मारलेली. मी सही केली. घरी बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "मास्तर लोकांशी आपन कशाला भांडायचं? तुझं वर्स जाईल. तिचं काय, तिला वाडी हाय, पानी हाय." बाबांवर मी रागावलो नाही. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या मिठागरावर अंगठा उठवला आहे. मला मात्र सही करायला शिकवलं होतं. वाचायलाही शिकवलं होतं.

मॅडमना भांडारात बसवलं. तिथे त्या आठवडाभर बसल्या आणि राजीनामा दिला. निरोप समारंभ झाला नाही.

त्यांना शेवटचं पाहिलं ते कॉलेजच्या फाटकाजवळ. भंगाराचा टेम्पो निघाला होता. टेम्पोवाला गिरीजकडचाच, त्यांच्या भावाच्या ओळखीचा. त्याने फाटकाबाहेर टेम्पो थांबवला होता आणि मॅडम मागे चढून डबे शोधत होत्या. मोडक्या खुर्च्यांखालून एकेक काढून, पदराने पुसून, टोपलीत ठेवत होत्या. फुलं आणली तीच टोपली. मी जवळ गेलो. मदत करावी की नाही कळेना, म्हणून नुसता उभा राहिलो.

"म्हात्रे, तो वर अळू आहे बघ. दे."

मी दिला. मग म्हणालो, "मॅडम, त्या कागदावर मी..."

"ठाऊक आहे. आठ नावं होती." त्या टेम्पोतून उतरल्या. "सहीआधी वाचलास?"

मी मान हलवली. नाही.

"मोठ्याने नाही, मनात तरी?"

"नाही मॅडम."

"हं," म्हणाल्या. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत आणि नाही असंही म्हणाल्या नाहीत. वही काढली, म्हणाल्या, "तुझ्याकडे मोबाइल आलाय ना? नंबर सांग." मी सांगितला, त्यांनी लिहिला. मग टोपली डोक्यावर घेतली आणि गिरीजच्या रस्त्याला लागल्या. टोपलीतून एक वायर लोंबत होती. त्यांनी चालता चालताच हात वर करून ती आत सारली.

त्यांनी कधी फोन केला नाही. मीही गेलो नाही. सुट्टीत वसईला आलो की गिरीजच्या फाट्यावरून बस जायची आणि मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघायचो. एचओडी सर मध्यंतरी प्राचार्य झाले. त्याची बातमी मला लगेच कळली, चार जणांनी मेसेज केला.

ही बातमी कळायला मात्र अकरा दिवस लागले. गेल्या महिन्यात मी हॉस्टेलवर होतो, दुपारची वेळ, अनोळखी नंबर.

"म्हात्रे काय? मी पास्कल लोपीस, गिरीजशी." आवाज वयस्कर, दबकत बोलणारा. "बाय गेली माजी. आज अकरावा दिस."

मी पलंगावरून उठून व्हरांड्यात आलो.

"तुम्हाला तरास देतो," ते पुढे म्हणाले. "तिचा एक डबा हाय, आमच्या इथं आल्तारच्या बाजूला, देवापाशी. तोच पंप चालवते. वीज आली का धा मिनिटं थांबते नि मग पंप लावते. आता त्याची बॅटरी मरत आली, बदलायला पायजे. पन ती सांगून गेली, वायर ओढायची नाय. काय पन झालं तरी वायर ओढायची नाय, आधी नीट बंद करायचा. मला तर त्यातलं काय येत नाय. वयीत तुमचा नंबर गावला."

"अकरा दिवस चालूच ठेवलाय तुम्ही?"

"मग? ती सांगून गेली ना."

चौथी शिकलेला माणूस. बहिणीला मातीत ठेवून आलेला. अकरा दिवस त्याने एका डब्याची वायर ओढली नाही, कारण सांगितलेलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर तो अंगठीवाला हात आला आणि मला राग आला. त्या रागात मी माझाही हात पाहिला, एंटरवरचा.

मी विचारलं, "बाजूला पडदा आहे का? त्याच्यावर काय दिसतंय?"

"इंग्रेजी हाय. मला कुठं..."

"अक्षरं येतात ना? एकेक सांगा. घाई नाही," मी म्हणालो. "वाचा भाऊ. मोठ्याने वाचा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ते वाचायला लागले, शाळेतल्या मुलासारखे, एकेका अक्षरावर थांबत. "पी... ए... डी..." पुढची तीन अक्षरं त्यांनी दोनदा वाचली. मग ते एकदम थांबले.

"पडवळ," म्हणाले. "अवो, पडवळ लिवलंय."